मायला नको असलेला वास

लग्न होऊन या घरात आले ती पहिली रात्र मी टक्क जागी होते, एका वासामुळे. 1993 सालचा मे महिना. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो पुढे 1999 साली. पाहुणे पांगले, अंगणातली गॅसबत्ती विझली आणि माजघराच्या कोपऱ्यातून तो वास यायला लागला. गोड, जड, किंचित आंबूस, ओल्या गुळाच्या पोत्यासारखा. मी लगेच ओळखला. मोह.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडचं. गांधीजींचा सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, म्हणून जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी. मी तेव्हा तीन वर्षांची. म्हणजे मला कळायला लागलं तेव्हापासून दारूबंदीच आहे, आणि मला कळायला लागलं तेव्हापासून बाबा पितच होते. नाल्याच्या काठी कुठेतरी सडवा पुरलेला असायचा, रात्री भट्टी लागायची, पोलीस आले की मडकी फुटायची आणि आठ दिवसांनी पुन्हा लागायची. कुजलेली मोहफुलं, गूळ, लवकर चढावी म्हणून नवसागर. माय बाबांचा सदरा धुवायला घ्यायच्या आधी नाकाशी धरायची. काही बोलायची नाही. सदरा हुंगायची, बादलीत टाकायची, आणि तिच्या चेहऱ्यावरून आम्हा भावंडांना कळायचं की आज बाबांच्या वाटेला जायचं नाही. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. मायच्या नाकातून तो वास गेला नाही.

तर त्या रात्री मी अंधारात डोळे उघडे ठेवून विचार करत होते, की मायने एवढी चौकशी करून, चार लोकांना विचारून हे घर पाहिलं, आणि इथेही तेच आहे.

सकाळी सासूबाईंनी माजघरातली बांबूची ढोली उघडली आणि सुपात तांबूस, सुरकुतलेली, मनुकांसारखी दिसणारी फुलं काढली. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. म्हणाल्या, "भेली का व? दारू नोहे थे. खायाचं हाय." मग चुलीवरच्या तव्यावर तीळ तडतडवले, फुलं परतली, दोन्ही उखळात घालून कुटलं आणि हातावर एक काळसर लाडू ठेवला. ना गूळ, ना साखर. मी तो लाडू हातात घेऊन बराच वेळ उभी होते. मग खाल्ला.

मोहाला मी त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं. तोपर्यंत फक्त हुंगलं होतं.

झाडीपट्टीत राहायला आल्यावर मोहाचं खरं रूप दिसलं. होळीच्या आसपास झाडाची पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके येतात. फूल रात्री फुलतं आणि पहाटेपासून गळायला लागतं. टप्, टप्, एकेक. आमच्या वावराच्या बांधावर चार मोठी झाडं आहेत. पहाटे चारला टोपली आणि बॅटरी घेऊन जायचं, ते ऊन चढेपर्यंत वेचत राहायचं. ताजं फूल म्हणजे दुधी रंगाची फुगीर, रसाळ कुपी. बोटांत धरलं तर चिकटतं, आतून पोकळ. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे अस्वलांचीही हीच वेळ आणि हीच झाडं. दरवर्षी कुणा ना कुणावर अस्वल धावून गेल्याची बातमी येते. बाया मोठ्याने बोलत, खोकत, गाणी म्हणत जातात ती उगाच नाही. आणि वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो वणवा होऊन जंगलात शिरतो. आमच्याकडे झाडून घेतात, पेटवत नाहीत. सासऱ्यांची सक्त ताकीद होती.

वाळवलं की फूल कापडावर चोळून, पाखडून त्यातले केसर काढून टाकायचे. ते राहिले तर घशाला लागतात. सुकल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. भाताचं पीक बसलं त्या वर्षी गरिबाघरी हेच उकडून पोटाला आधार होता, असं सासूबाई सांगत. त्या लाडू करत, पिठात कालवून भाकर करत, पुरणात गुळाच्या जागी घालत. आणि राब करत. फुलं पाण्यात शिजवून, फडक्यातून पिळून, तो रस मंद जाळावर आटवत राहायचा. शेवटी काकवीसारखं काळं, घट्ट काहीतरी उरतं. बरणीभर राब वर्षभर पुरायची.

हे सगळं सांगायचं कारण वाईन.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत मुलगी नाशिकहून आली. तिथे नोकरीला आहे. द्राक्षांचा मुलूख तो, वाईनचे कारखाने आणि ते पाहायला जाणारी माणसं, हे तिला रोजचं. बॅगेतून कपड्यात गुंडाळलेली लाल वाईनची बाटली निघाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "मम्मी, प्यायला नाही आणली. मटणात घालायला आणली." मला यात फार फरक वाटला नाही. घरात बाटली ही बाटली. पण तिचे वडील म्हणाले, करू दे तिला, आणि मी चुलीपाशी हाताची घडी घालून उभी राहिले.

तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझा जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, बाजूला ठेवला. वाईन आंबट असते, अॅल्युमिनियमला धरते, रस्सा काळपट होतो आणि धातूची चव उतरते. कल्हई उडालेल्या पितळेचंही तेच. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घेतलं. कांदा तेलात तांबूस होईपर्यंत परतला, लसूण, मिरे, दोन तेजपानं. मटणाचे तुकडे एकेक करून सगळ्या बाजूंनी चांगले लाल केले. बुडाला खरपूस थर धरला, मला वाटलं जळलं आता. तेवढ्यात तिने वाटीभर वाईन ओतली.

चर्र झालं, वाफ उठली आणि नाकात झणका गेला. मी दोन पावलं मागे सरले. बाबांचा सदरा.

ती उलथन्याने बूड खरवडत राहिली, तो चिकटलेला थर सुटून रसात विरघळला. आणि पाच-दहा मिनिटांनी, वाईन निम्मी आटल्यावर, वास पालटला. झणका गेला, खाली जे उरलं ते गोड, गडद, मनुकांसारखं, जरा तुरट. मी पातेल्यावर वाकले. सासूबाई राब आटवायच्या तेव्हा घरभर असायचा त्याच्या जवळचाच वास होता तो. त्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्यानंतर मी या गोष्टीच्या मागे लागले. मुलीला विचारून, वाचून, करून पाहून. वाईन पदार्थात तीन कामं करते असं मला समजलं. एक आंबटपणा, आपण चिंच, आमसूल, भेद्रं (टोमॅटो), दही घालतो तोच हेतू. दुसरं, आटल्यावर उरणारी फळाची गोडी आणि रंग. तिसरं काम मद्यार्काचं, आणि ते चिंचेला जमत नाही. मसाल्यातले काही वास पाण्यात उतरतात, काही तेलात. मद्यार्कात दोन्हीकडचे मिसळतात, आणि तो 78 अंशालाच उकळत असल्याने वाफेबरोबर ते वास नाकापर्यंत आणतो. म्हणून वाईन घातलेला रस्सा ताटात यायच्या आधी समजतो.

फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा प्रांत आहे, तिथले लोक गाईचं मांस त्यांच्याच लाल वाईनमध्ये तासन्‌तास शिजवतात. जून कोंबडा, ज्याचं मांस एरवी चामड्यासारखं लागेल, तोही तसाच वाईनमध्ये मऊ करतात. म्हणजे मुळात हा शेतकऱ्याच्या घरचाच प्रकार: शेतात जे पिकतं, तेच हंडीत. मला सगळ्यात जवळची वाटली ती विंदालूची हकिगत. पोर्तुगीज दर्यावर्दी लांबच्या प्रवासात डुकराचं मांस वाईन आणि लसणात मुरवून ठेवत. त्यांच्या भाषेत विन्या द आल्यूश, वाईन-लसूण. गोव्यात आल्यावर वाईनच्या जागी माडाच्या ताडीचा सिरका आला, मिरच्या आल्या, आणि नावाचं विंदालू झालं. बटाट्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. बाहेरची रीत आली, पण तिने इथल्या झाडाचा रस उचलला. हे वाचलं त्या दिवशी मी बांधावरच्या मोहांकडे बराच वेळ पाहत बसले होते.

करता करता काही गोष्टी पक्क्या झाल्या. सावजी मसाल्यात वाईन घालू नये. नागपूरच्या हलबा कोष्टी लोकांची ती रांधण, काळा मसाला आणि तिखटाचा असा तडाखा की त्यात वाईन गेली काय, राहिली काय, कळतही नाही, दोन्हींचा अपमान. वाईनला साधा कांदा-लसूण आणि मिरी पुरते. पावसाळ्यात जंगलातून सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, येतात, त्या लोण्यात परतून, पाणी आटल्यावर दोन डाव पांढरी वाईन टाकली तर त्यांचा मातीचा वास उठून दिसतो. तळ्यातल्या झिंग्यांनाही पांढरीच चालते, लसूण आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून. मीठ शेवटी घालावं, कारण रस आटतो तसं खारट होतं. कच्ची वाईन शेवटी ओतू नये, दुधात लाल वाईन घालू नये, फाटतं. आणि उघडलेली बाटली चार-पाच दिवसांत आंबते. सिरक्याला फ्रेंच भाषेत शब्दच आहे, आंबट वाईन. आम्ही उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. दोन खडे काढले की एका भाजीचं काम होतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते.

त्याच्या पुढच्या वर्षी घरी जेवण होतं, वीसेक माणसं. मी मोठ्या उत्साहाने वाईनचं मटण केलं आणि कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं, दारू तर उडून जाते, असं मला वाटत होतं. सगळेच असं म्हणतात. यांच्या चुलत भावाचा मुलगा जेवायला बसला होता. त्याने दारू सोडून दीड वर्ष झालं होतं. घरच्यांनी कसे दिवस काढले ते मी जवळून पाहिलं होतं. त्याने दुसरा घास घेतला, थांबला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, यात काय घातलं?"

मी सांगितलं. त्याने हात धुतला. रागावला नाही. म्हणाला, "मले सांगाचं होतं, काकू." आणि उठून बाहेर गेला. त्या रात्री तो घरी नीट पोहोचला का, हे मी फोन करून दोनदा विचारलं.

दारू उडून जाते हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने याची कोष्टकं केली आहेत. उकळत्या रसात घालून लगेच उतरवलं तर 85 टक्के मद्यार्क तसाच राहतो. आग लावून पेटवलं, तरी 75 टक्के. पंधरा मिनिटं शिजवलं तर 40, तासभर शिजवलं तर 25, आणि अडीच तासांनीही 5 टक्के उरतो. वाटीभर वाईन वीस माणसांत वाटली तर नशा कुणालाच येणार नाही, हे मान्य. पण ज्याने सोडली त्याच्यासाठी प्रश्न नशेचा नसतोच. एक वास पुरतो. हे मला, सदरा हुंगणाऱ्या बाईच्या मुलीला, कुणी सांगायची गरज पडायला नको होती.

तेव्हापासून आमच्या घरी वाईनचा पदार्थ असेल तर ताट वाढायच्या आधी सांगितला जातो, मोठ्याने, सगळ्यांना. मुलांना, गरोदर बायांना, सोडलेल्यांना वेगळं. आणि जो पदार्थ त्या मुलाला खाता येत नाही तो मला एकटीला आवडून काय करू, म्हणून मी दुसरी वाट शोधायला लागले.

ती सापडली परसातच. राबीत गोडी होती, गडद रंग होता, मनुकांचा वास होता. आंबटपणा नव्हता. चिंच घालून पाहिली, ती फार ठसठशीत बोलते. मग अंबाडीची लाल बोंडं आठवली, ज्यांचं आपण सरबत आणि चटणी करतो. मूठभर सुकी बोंडं गरम पाण्यात भिजवली, पाणी गर्द लाल झालं, त्यात दोन चमचे राब आणि चिमूटभर कुटलेली मिरी. थंड झाल्यावर चमच्याने घेतलं. आंबट, गोड, तुरट, लाल. मद्यार्काचं तिसरं काम त्यात नाही, ते कशानेच होणार नाही. पण बाकीचं सगळं आहे. मटणाचा खरपूस थर त्याने तसाच सुटतो. आधी त्या मुलाला घरी बोलावून, त्याच्यासमोर करून दाखवून, मग वाढलं. त्याने पोट भरून खाल्लं आणि डबा भरून नेला.

गोडात मी फार शिरले नाही. एक मात्र दर हिवाळ्यात होतं: संत्र्याच्या फोडी. परदेशात नासपती लाल वाईनमध्ये शिजवतात. आम्ही वाईन, गूळ, दालचिनी, लवंग एकत्र आटवून पाक करतो आणि गॅस बंद केल्यावर त्यात सोललेल्या नागपुरी संत्र्याच्या फोडी सोडतो. फोडीवरची पांढरी साल अगदी निगुतीने काढावी लागते, नाहीतर कडू. थंड झाल्या की लाल झालेल्या फोडींतून संत्र्याचा वास येतो आणि मागून दालचिनी. अंबाडी-राबेच्या पाकातही तितक्याच छान होतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याच जास्त आवडतात. पेयांचं सांगायचं तर मुलीच्या मैत्रिणी आल्या की वाईनमध्ये संत्री, पेरू, बर्फ घालून काही करतात. मी घेत नाही. मोहफुलं दोन तास भिजवून गाळलेलं पाणी, लिंबू पिळून, एवढंच माझं. तेही लगेच प्यायचं. आमच्या एप्रिलच्या उन्हात संध्याकाळपर्यंत ते आंबायला लागतं, त्याच्यावर फेस येतो, आणि मग ते दुसऱ्या वाटेला लागतं.

ती दुसरी वाट किती जवळ आहे हे पाहूनच कायद्याने फुलालाच आरोपी केलं होतं. 1949 च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलं बाळगण्यावर, नेण्या-आणण्यावर बंधनं होती. सासूबाई लाडूंसाठी माहेरी पिशवी नेताना एसटीत ती पायाखाली लपवत. राज्य सरकारने ही बंधनं सैल केली ती 2021 साली. फुलाला खाद्य म्हणायला आपल्याला एवढी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातून मी आले आहे, दारूबंदीसाठी मोर्च्यात चाललेल्या बायांमध्ये माझी माय होती, त्यांचं म्हणणं मला शब्दन्‌शब्द पटतं. तरीही पहाटे चारला अस्वलाच्या भीतीने गाणी म्हणत वेचलेलं फूल पिशवीत लपवावं लागलं, हे मला कधीच पटलं नाही.

मायला मी यातलं काही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ती यायची तेव्हा मी ढोली झाकून ठेवायचे, राबेची बरणी वरच्या फळीवर, फडक्याखाली. ती पाणी तापवायला चुलीपाशी गेली की माझा जीव टांगणीला. मुलगी म्हणायची, आजीला सांग ना. मी म्हणायचे, तू तो सदरा पाहिला नाहीस.

यंदा मार्चमध्ये माय महिनाभर राहायला आली. पंचाहत्तरी उलटली आहे, झोप कमी. एका पहाटे मी टोपली घेऊन निघाले तर ती अंगणात बसलेली. "कुठं चालली एवढ्या अंधारात?" मी म्हटलं, वावरात. "काऊन?" मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, मोह वेचायला.

ती काही बोलली नाही. उठली, लुगडं खोचलं आणि माझ्या मागून चालायला लागली.

झाडाखाली पोहोचलो तेव्हा पूर्वेकडे जरा फटफटलं होतं. फुलं पडत होती. शेजारच्या बांधावर बाया बोलत होत्या. मायने नाकाला पदर लावला. मी गुमान वेचत राहिले, तिच्याकडे पाहायचं टाळलं. बऱ्याच वेळाने मागे वळले तर पदर खाली आलेला, ती बुंध्याला टेकून वर पाहत होती.

"हे फूल होय?" तिने विचारलं.

तिने सडवा पाहिला होता, फुटलेली मडकी पाहिली होती. झाडावरून पडणारं ताजं फूल तिने पाहिलं नव्हतं. मी एक उचललं, पदराला पुसलं, केसर काढले आणि तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं. बोटांत फिरवलं, नाकाशी नेलं, जसा ती सदरा न्यायची तसंच. आणि मग तोंडात टाकलं.

"गोड हाय वं," ती म्हणाली, आणि दुसरं उचलायला वाकली.